पेट्या की प्रवासी

१५ ऑक्टोबर १९३२ला जेआरडी टाटांनी कराचीहून पुस मॉथ हे चिमुकलं विमान उडवलं आणि अहमदाबादमार्गे ते मुंबईत जुहूला उतरले. विमानात प्रवासी एकही नव्हता. होत्या त्या टपालाच्या थैल्या. त्याच थैल्या घेऊन त्यांचा सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला गेला. भारतात टाटांची विमानसेवा सुरू झाली ती अशी, माल वाहून. अमेरिकेतही तेच. चार्ल्स लिंडबर्ग अटलांटिक ओलांडून जगप्रसिद्ध झाला त्याच्या आदल्या वर्षी तो सेंट लुइस ते शिकागो टपाल पोचवत होता. त्या नोकरीत दोनदा त्याच्यावर पॅराशूटने उडी मारायची वेळ आली, कारण खाली उतरायला जागा दिसेना आणि टाकीतलं इंधन संपत आलेलं.

म्हणजे पायलट हा मुळात माल नेणाराच. माणसं विमानात नंतर बसली आणि बसल्याबरोबर सगळा मानमरातब आपल्याकडे घेऊन गेली. तेव्हापासून ‘मुलगा पायलट आहे’ एवढं ऐकून खुललेले चेहरे ‘कार्गोत आहे’ म्हटल्यावर किंचित उतरतात. अमेरिकेत अशा पायलटांना ‘फ्रेट डॉग’ म्हणतात. नाव हेटाळणीचं आहे, पण ते टोपीवर मिरवणारेही पुष्कळ आहेत.

या प्रकरणात मुख्यतः अमेरिकेबद्दल लिहितो आहे. याचं कारण साधं आहे. पेट्या न्याव्यात की प्रवासी, हा प्रश्न पायलटला खऱ्या अर्थाने तिथेच पडतो. फेडेक्सकडे पाच हजारांच्या आसपास पायलट आहेत, यूपीएसकडे तीन हजारांच्या आसपास. या दोन्ही मालवाहू कंपन्या पगाराच्या बाबतीत डेल्टा, युनायटेड, अमेरिकन या प्रवासी कंपन्यांच्या पंक्तीला बसतात. काही वर्षं तर त्यांच्या पुढेच होत्या. दोन्हीकडून बोलावणं आलेला तिशीतला पायलट तिथे रात्र रात्र विचार करत बसतो. त्याच्यापुढचा पेच समजून घ्यायचा तर पगाराचा आकडा बाजूला ठेवून आधी एक यादी पाहावी लागते.

यादीतला नंबर

अमेरिकेतल्या प्रत्येक मोठ्या विमान कंपनीत पायलटांची सिनिऑरिटी लिस्ट असते. कंपनीत रुजू झाल्याच्या तारखेवरून नंबर मिळतो आणि निवृत्तीपर्यंत सगळं त्या नंबरावर ठरतं. कोणतं विमान उडवायचं, कोणत्या शहरात बेस मिळणार, दिवाळीला (तिथे नाताळला) घरी असणार की नाही, कॅप्टन कधी होणार, मंदीत कोणाला आधी घरी बसवणार, हे सगळं नंबर ठरवतो. महिन्याच्या महिन्याला पायलट आपल्या पसंतीच्या फेऱ्या कळवतात, त्याला बिडिंग म्हणतात. यादीत वरचा असेल त्याला मागेल ते मिळतं. त्याच्याखालच्याला उरलेल्यातलं बरं मिळतं. तळाच्याला जे कोणालाच नको ते मिळतं, किंवा तो रिझर्व्हवर बसतो, म्हणजे फोन वाजला की निघायचं.

कौशल्य, वागणूक, अनुभव, यांतलं काहीही या नंबराला हलवू शकत नाही. दुसऱ्या कंपनीत वीस वर्षं कॅप्टन असलेला माणूस नव्या कंपनीत आला की तो तळाशी, फर्स्ट ऑफिसर, पहिल्या वर्षाच्या पगारावर. त्याच्या शेजारी कॅप्टनच्या खुर्चीत वयाने दहा वर्षांनी लहान माणूस बसलेला असू शकतो. हे रेशनच्या रांगेसारखं आहे. एकदा रांग सोडली की परत शेवटी. म्हणूनच तिथले पायलट नोकरी बदलायचा विचार चाळिशीनंतर सहसा करत नाहीत. इतर कोणत्याही धंद्यात अनुभवी माणूस नोकरी बदलून चार पैसे जास्त मिळवतो, इथे बदलली की गमावतो.

ही पद्धत अन्यायाची वाटते खरी, पण ती युनियनने भांडून मिळवलेली आहे आणि त्यामागे शहाणपण आहे. विमानात बिघाड दिसला म्हणून उड्डाण नाकारणाऱ्या पायलटवर साहेबाची मर्जी फिरली तरी साहेब त्याचं फारसं वाकडं करू शकत नाही. बढती कोणाच्या हातातच नाही म्हटल्यावर मस्का लावायचा कोणाला?

नंबर वर सरकतो तो दोनच कारणांनी: पुढचे लोक निवृत्त झाले किंवा कंपनी वाढली. पायलटच्या निवृत्तीचं वय तिथे बराच काळ ६० होतं. १३ डिसेंबर २००७ रोजी कायदा बदलून ते ६५ केलं गेलं आणि सबंध देशातल्या याद्या एका रात्रीत थिजल्या. वरच्यांना पाच वर्षं जास्त मिळाली, ती खालच्यांच्या बढतीतून कापून. मालवाहू कंपन्यांत त्याच्याही आधीपासून एक गंमत चालत असे. साठीची अट पायलटला होती, फ्लाइट इंजिनिअरला नव्हती. फेडेक्सकडे तीन माणसांच्या कॉकपिटची जुनी ७२७ विमानं होती, तिथे साठ उलटलेला कॅप्टन डावी खुर्ची सोडून मागच्या इंजिनिअरच्या खुर्चीत जाऊन बसे आणि कालपर्यंत ज्याला हुकूम सोडले त्याच्या हाताखाली काम करी. काहींना ते कमीपणाचं वाटे, काहींना विमानातून उतरणं त्याहून जड जाई.

तेव्हा दोन कंपन्यांतून निवड करताना शहाणा पायलट आधी पुढच्यांची वयं मोजतो. येत्या दहा वर्षांत किती जण पासष्टीला पोचणार? प्रवासी कंपन्या आकाराने मोठ्या असल्याने तिथे दर वर्षी निवृत्त होणारे शेकड्यांनी, म्हणून यादी पटापट सरकते. मालवाहू कंपनीत विमानं मोजकी, पण त्यांत मोठ्या विमानांचं प्रमाण जास्त. नवा माणूस पहिल्याच दिवशी ७५७ किंवा ७६७वर जाऊ शकतो, तेव्हा प्रवासी कंपनीतला त्याचा मित्र छोट्या ७३७वर दिवसाला चार उड्डाणं करत असतो. यूपीएसमध्ये तर आणखी एक सोय आहे: कॅप्टनचा दर सगळ्या विमानांना एकच. इतर कंपन्यांत विमान जितकं मोठं तितका तासाचा दर मोठा, त्यामुळे पायलट पैशासाठी मोठ्या विमानाच्या मागे धावतो आणि तिथे पुन्हा तळाशी जाऊन बसतो. यूपीएसमध्ये ७४७ उडवायचं ते हौसेने, पैशासाठी नव्हे. एवढ्या एका कलमाने किती घरांतली चिडचिड कमी झाली असेल!

मेम्फिसची रात्र

फ्रेड स्मिथ हा व्हिएतनाम युद्धातून परतलेला मरीन अधिकारी. १७ एप्रिल १९७३च्या रात्री त्याच्या कंपनीच्या, म्हणजे फेडेक्सच्या, १४ फाल्कन विमानांनी २५ शहरांत मिळून १८६ पाकिटं पोचवली. विचार असा, की सगळ्या शहरांतला माल आधी एका जागी, मेम्फिसच्या हबमध्ये, आणायचा, मध्यरात्री निवडायचा आणि पहाटेच्या आत पुन्हा देशभर पाठवायचा. न्यूयॉर्कमधल्याच दोन ठिकाणांमधलं पाकीटही मेम्फिसला जाऊन येणार. हे ऐकायला वेडगळ, पण हिशेबाला पक्कं. त्या हिशेबाची किंमत मात्र रात्र ही आहे, आणि ती पायलट चुकती करतो.

रात्री साडेदहानंतर मेम्फिसच्या आकाशात दिव्यांच्या माळा दिसू लागतात. शंभराहून जास्त विमानं काही मिनिटांच्या अंतराने एकामागून एक उतरतात. इंजिनं थंड होईपर्यंत दार उघडून डबे खाली येऊ लागलेले असतात. पायलट बसने हबच्या इमारतीत जातात. तिथे खाणं असतं, हवामानाचे कागद असतात आणि झोपायच्या छोट्या खोल्या असतात. जाणकार पायलट गप्पा मारत बसत नाही; तो थेट खोलीत जातो, बूट काढतो आणि दीड-दोन तास पडून घेतो. बाहेर पट्ट्यांवरून लाखो पेट्या धावत असतात. दोन-तीनच्या सुमारास उठायचं, तोंडावर पाणी मारायचं, कॉफी घ्यायची आणि पुन्हा विमानात. पूर्वेकडे जाणाऱ्याच्या थेट डोळ्यांत सूर्य उगवतो. उतरून हॉटेलवर पोचेपर्यंत तिथे नाश्त्याची वेळ झालेली असते.

मग खरी कसोटी सुरू होते, ती दिवसा झोपण्याची. हॉटेलच्या पडद्यांच्या मधली फट कधीच नीट मिटत नाही, म्हणून कपाटातले पँट अडकवायचे चिमट्याचे हँगर काढून पडदे एकमेकांना चिमटवायचे. दाराखालून येणाऱ्या उजेडाला टॉवेलची वळकटी. खोलीतला फोन काढून ठेवायचा. दारावर पाटी लावली तरी अकराला झाडूपोछावाली बाई ठोठावतेच. आणि पाच दिवसांनी घरी गेल्यावर बायको-मुलांबरोबर दिवसा जागायचं आणि रात्री झोपायचं. शरीराला जेमतेम उलटं शिकवलेलं पुन्हा सुलटं करायचं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली रात्रपाळीचं काम ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातलं आणि २०१९मध्ये तो निष्कर्ष कायम ठेवला. पायलटांना यासाठी अभ्यासाची गरज नव्हती. कार्गोतला पन्नाशीचा माणूस प्रवासी कंपनीतल्या पन्नाशीच्या माणसापेक्षा थकलेला दिसतो, असं ते आपसात बोलतातच. अर्थात प्रवासी पायलटही रात्री उडतो. मुंबई विमानतळावर मध्यरात्रीनंतर गेलेल्या कोणालाही ते सांगायला नको. पण त्याच्या महिन्यात रात्री काही, आणि वर्षांनुवर्षांनी नंबर वर गेला की त्या टाळता येतात. कार्गोत वर गेल्यावरही रात्र सहसा टळत नाही, बहुतेकदा फक्त बरी रात्र निवडता येते.

नियमातली पळवाट

१२ फेब्रुवारी २००९ला बफेलोजवळ कोलगन एअरचं छोटं प्रवासी विमान कोसळलं, पन्नास माणसं गेली. थकवा, अपुरं प्रशिक्षण, तुटपुंजे पगार यांवर देशभर गदारोळ झाला. मृतांच्या नातेवाइकांनी संसदेचा पिच्छा सोडला नाही आणि त्यातून पायलटांच्या ड्युटीचे नवे नियम आले. जानेवारी २०१४पासून लागू झालेल्या या नियमांत दोन पायलटांच्या ड्युटीची मर्यादा ती कोणत्या वेळी सुरू होते त्यावर ठरते: नऊ तासांपासून चौदा तासांपर्यंत. रात्री सुरू होणारी ड्युटी सगळ्यांत लहान. विज्ञानाला धरून केलेला नियम.

त्यातून मालवाहू विमानं वगळली. त्यांना जुनाच नियम राहिला, ज्यात ड्युटी सोळा तासांपर्यंत जाऊ शकते. कारण दिलं गेलं खर्चाचं. नियम लागू केला तर कंपन्यांना किती भुर्दंड आणि अपघात टळून किती वाचतील, असा ताळेबंद मांडला गेला. मालवाहू विमान पडलं तर मरणारे दोन किंवा तीन. ताळेबंदात ते पुरेसे भरले नाहीत. माझ्या मते या सबंध विषयात पायलटच्या मनाला सगळ्यांत जास्त लागलेली गोष्ट ही आहे. पगार आणि पेन्शन नंतर.

नियम लागू व्हायच्या काही महिने आधी, १४ ऑगस्ट २०१३च्या पहाटे पाचच्या सुमारास, लुईव्हिलहून निघालेलं यूपीएसचं एअरबस ए-३०० बर्मिंगहॅम, अलाबामा इथे धावपट्टीच्या अलीकडेच टेकडीवर आदळलं. दोन्ही पायलट गेले. मोठी धावपट्टी दुरुस्तीसाठी बंद होती आणि छोट्या धावपट्टीवर उतरताना उंचीवरचं लक्ष सुटलं. कॉकपिटमधलं बोलणं नोंदवणाऱ्या यंत्रात निघण्याआधीचा त्यांचा संवाद सापडला. प्रवासी पायलटांना वेगळा विश्रांतीचा नियम आणि आपल्याला वेगळा, हे कसं, यावरच दोघं बोलत होते. चौकशीच्या अहवालात थकव्याचा उल्लेख आला. मात्र त्याच अहवालात हेही आहे, की सहवैमानिक महिलेने सुट्टीचे तास झोपेसाठी पुरेसे वापरले नव्हते. आणि त्या दिवसाचं वेळापत्रक नव्या नियमातही बसलं असतं, असं कंपनीचं म्हणणं होतं. नियम बदलला असता तर ते दोघे वाचले असते का, हे म्हणूनच छातीठोकपणे सांगता येत नाही. नियम वेगळा का, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

पारडं कसं फिरतं

आता पगाराकडे येऊ, कारण शेवटी घर त्यावर चालतं. एका वर्षाचा आकडा इथे काहीच सांगत नाही. वीस-पंचवीस वर्षांचा तुकडा पाहावा लागतो.

१९९१ साली जानेवारीत ईस्टर्न आणि डिसेंबरात पॅन अ‍ॅम या प्रवासी कंपन्या बंद पडल्या. पॅन अ‍ॅमचा कॅप्टन म्हणजे त्या काळी राजदूताचा रुबाब. पन्नाशीत तो दुसऱ्या कंपनीच्या यादीत तळाशी उभा राहिला. १९७०च्या दशकात ज्यांना पॅन अ‍ॅमने घेतलं नाही म्हणून ते नाइलाजाने मेम्फिसला गेले होते, ते तोवर फेडेक्सचे वरिष्ठ कॅप्टन झाले होते.

मग ११ सप्टेंबर २००१चे हल्ले. प्रवासी घाबरले, हजारो पायलट घरी बसवले गेले. डिसेंबर २००२मध्ये युनायटेड दिवाळखोरीत गेली आणि २००५मध्ये तिच्या पेन्शन योजना सरकारी विमा महामंडळाच्या गळ्यात पडल्या. तोवरची ती अशा प्रकारची सर्वांत मोठी घटना. सप्टेंबर २००५मध्ये डेल्टा आणि नॉर्थवेस्ट एकाच दिवशी दिवाळखोरीत गेल्या. पुढच्या वर्षी डेल्टाच्या पायलटांचं पेन्शनही गेलं. जानेवारी २००९मध्ये दोन्ही इंजिनं बंद पडलेलं विमान हडसन नदीवर उतरवून १५५ जणांना वाचवणारा कॅप्टन सलेनबर्गर पुढच्याच महिन्यात संसदेच्या समितीपुढे बसला. तिथे त्याने सांगितलं, की आपला पगार ४० टक्क्यांनी कापला गेला आहे आणि पेन्शन रद्द होऊन त्याजागी नाममात्र हमी आली आहे. सगळा देश ज्याला डोक्यावर घेत होता त्याची ही कथा. त्याच काळात खोक्यांचे ढीग वाहणारे पायलट पूर्ण पगारावर होते आणि त्यांची पेन्शनं शाबूत होती. तेव्हा तरुण पायलट फेडेक्स-यूपीएसमध्ये ओळखी काढत फिरत होते.

२०२०च्या साथीत हेच आणखी जोरात झालं. लोक घरात कोंडले गेले आणि सगळं सामान घरपोच मागवू लागले. प्रवासी विमानं वाळवंटात रांगेने उभी राहिली, मालवाहू विमानं अपुरी पडू लागली. प्रवासी कंपन्यांनी वरिष्ठांना पैसे देऊन लवकर निवृत्त केलं. कार्गोत गेलो ते बरं केलं, असं म्हणणाऱ्यांचे ते दिवस होते.

ते दिवस तीन वर्षांत सरले. साथ ओसरली, प्रवासी उसळून परत आले आणि वरिष्ठ तर निवृत्त झालेले, पायलट मिळेनात. मार्च २०२३मध्ये डेल्टाच्या पायलटांनी चार वर्षांत ३४ टक्के वाढीचा करार केला, पाठोपाठ युनायटेड आणि अमेरिकन. फेडेक्समध्ये जुलै २०२३मध्ये पायलटांनी कंपनीचा देकार मतदानाने फेटाळला, आणि तोवर माल कमी झाला होता. त्या वर्षाच्या अखेरीस कंपनीने आपल्या पायलटांना चक्क सुचवलं, की हवं तर अमेरिकन एअरलाइन्सची उपकंपनी असलेल्या पीएसए या छोट्या कंपनीत कॅप्टन म्हणून जा. २९ सप्टेंबर २०२४ला टपाल खात्याचा मोठा करार फेडेक्सच्या हातून निसटून यूपीएसकडे गेला. यात एक बारकी गोष्ट आहे, ती बातम्यांत फारशी आली नाही. फेडेक्सची दिवसाची उड्डाणं मुख्यतः त्या टपालाच्या जोरावर चालत. करार गेला तशा दिवसाच्या फेऱ्याही आटल्या. वीस वर्षं रात्री जागून ज्यांनी नंबर वर आणला, त्यांच्या तोंडचा दिवस गेला.

यावरून कोणती बाजू चांगली ते ठरवायला गेलं तर उत्तर दर पाच-सात वर्षांनी बदलतं. पायलटला मात्र एकदाच निवडायचं असतं. तो तिशीत तीस-पस्तीस वर्षांच्या धंद्यावर पैज लावतो, आणि ती जिंकली का हे कळेपर्यंत केस पांढरे झालेले असतात. खूप पगारवाल्या एखाद्या कॅप्टनला ‘तुम्ही बरोबर कसं ओळखलंत?’ असं विचारलं तर प्रामाणिक उत्तर बहुतेक वेळा हेच असतं, की तेव्हा दुसऱ्यांनी बोलावलं नव्हतं.

मागे कोण बसलंय

समाधानाचा हिशेब निराळा. कार्गोतला माणूस सांगतो: खोकी तक्रार करत नाहीत, उलट्या करत नाहीत, चहा थंड आहे म्हणत नाहीत. २०२१ साली अमेरिकेत विमानातल्या प्रवाशांच्या गैरवर्तनाच्या जवळजवळ ६,००० तक्रारी नोंदल्या गेल्या. कार्गोवाल्यांनी ते आकडे गालात हसत वाचले असणार. उद्घोषणा नाही, विमान उशिरा सुटलं म्हणून रागावलेली दीडशे माणसं नाहीत. वादळ आलं तर शांतपणे वळसा घालायचा. मागे कोणाला गरगरत नाही.

पण खोकी आभारही मानत नाहीत. दार उघडं ठेवून उतरणाऱ्यांना निरोप देणं, कॉकपिट पाहायला आलेलं एखादं लहान पोर, केबिन क्रूच्या दहाबारा माणसांचा गलबला, हे सगळं कार्गोत नसतं. दोन माणसं, गरम करून घेतलेलं ताट आणि अंधार. त्यातला सोबती न पटणारा निघाला तर अँकरेज ते हाँगकाँग फार लांब वाटतं. लांब पल्ल्याला तीन-चार पायलट असतात आणि महिन्यातून मोजक्याच वेळा विमान उतरवायला मिळतं. नव्वद दिवसांत तीन लँडिंग हवीत हा नियम पाळायला काहींना सिम्युलेटरमध्ये जावं लागतं. ज्याला विमान हातात धरायला आवडतं त्याला हे टोचतं.

शिवाय खोकी वाटतात तेवढी गरीब नसतात. ३ सप्टेंबर २०१०ला दुबईहून निघालेल्या यूपीएसच्या ७४७मध्ये लिथियम बॅटऱ्यांचा माल पेटला, धुराने कॉकपिट भरलं, दोन्ही पायलट गेले. २९ एप्रिल २०१३ला अफगाणिस्तानात बगराम इथे नॅशनल एअरलाइन्सच्या ७४७मध्ये बांधलेली लष्करी वाहनं उड्डाणाच्या वेळी सुटून मागे घसरली आणि सातही जण गेले. प्रवासी विमानातला माणूस पट्टा लावून जागेवर बसतो. माल कोणीतरी बांधलेला असतो आणि तो नीट बांधला आहे यावर पायलटला विश्वास ठेवावा लागतो. विमानंही अनेकदा जुनी, प्रवासी कंपनीने वापरून सोडलेली, खिडक्या बुजवून आणि बाजूला मोठं दार कापून घेतलेली. एमडी-११ या तीन इंजिनांच्या विमानाने प्रवाशांची शेवटची फेरी २०१४मध्ये केली, मालवाहतुकीत ते पुढे दहाहून जास्त वर्षं टिकलं. नोव्हेंबर २०२५मध्ये लुईव्हिलहून होनोलुलूला निघालेल्या अशाच एका विमानाचं डावं इंजिन उड्डाण घेतानाच सुटून पडलं. तिन्ही पायलट गेले, जमिनीवरची माणसंही गेली.

आपल्याकडे

भारतात हा प्रश्न इतका टोकदार नाही, कारण निवडायला कार्गोच्या खुर्च्याच थोड्या आहेत. मुंबईत १९८३ साली सुरू झालेल्या ब्लू डार्टने १९९६पासून स्वतःची विमानं उडवली. आज तिच्याकडे आठेक विमानं आहेत, बहुतेक बोइंग ७५७, मुख्य तळ चेन्नई आणि काम रात्रीचं. आठ विमानांच्या यादीत पुढचा माणूस निवृत्त झाल्याशिवाय मागचा कॅप्टन होत नाही. दुसरीकडे इंडिगोने जून २०२३मध्ये एका वेळी ५०० विमानांची मागणी नोंदवली, एअर इंडियाने त्याच वर्षी ४७०. चार-पाच वर्षांत कमांडर (म्हणजे कॅप्टन) व्हायचं स्वप्न पाहणारा मुलगा कुठे जाईल, हे सांगायला नको. ७५७चं रेटिंग, म्हणजे ते विमान उडवायची परवानगी, घेतलेल्याची आणखी एक अडचण: आपल्याकडच्या कुठल्याच प्रवासी कंपनीत ते विमान नाही.

अमेरिकेचा धडा इथे गिरवून पाहण्याचा प्रयत्न झाला तो महाराष्ट्रात. एअर डेक्कनवाले कॅप्टन गोपीनाथ यांनी २००९मध्ये डेक्कन ३६० काढली आणि हब ठेवलं नागपूरला; देशाच्या मध्यावरचं शहर, मेम्फिसचाच हिशेब. दोनएक वर्षांत ती बंद पडली. आपल्याकडचा बराचसा विमानमाल प्रवासी विमानांच्या पोटातूनच जातो. म्हणजे पुणे-दिल्ली नेणारा पायलट नकळत कार्गोचंही काम करतच असतो.

सुरक्षित बाजू कोणती, याचं उत्तर इथेही सरळ नाही. किंगफिशर २०१२मध्ये थांबली. जेट एअरवेजच्या पायलटांना महिनोन्‌महिने पगार नव्हता आणि १७ एप्रिल २०१९ला तिचं शेवटचं विमान उतरलं. गो फर्स्ट मे २०२३मध्ये गेली. तिन्ही प्रवासी कंपन्या, तिन्ही मुंबईकरांच्या नित्याच्या ओळखीच्या. २०२०मध्ये दोन महिने देशांतर्गत प्रवासी उड्डाणं बंद असताना मालवाहू विमानं चालू होती आणि त्यांचे पायलट कामावर होते. आपल्याकडे एक दिलासा आहे: सिनिऑरिटीची बेडी तिथल्याइतकी घट्ट नाही. योग्य रेटिंग असलेल्या अनुभवी माणसाला दुसरी कंपनी थेट कमांडर म्हणून घेऊ शकते, म्हणून जेटचे अनेकजण पुन्हा डाव्या खुर्चीत बसू शकले.

बेडी आहे ती वेगळी. २०१७पासून डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाच्या नियमाने कमांडरला एक वर्षाची नोटीस द्यावी लागते, फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची. वर्षभरात या धंद्यात काय होऊ शकतं हे डिसेंबर २०२५मध्ये दिसलं. विश्रांतीचे नवे नियम लागू झाले, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली, इंडिगोला पायलट कमी पडले आणि हजारो प्रवासी विमानतळांवर अडकले. अशा वेळी पायलटला मागणी येते, पण ती आज येते. गोंदिया किंवा बारामतीहून दोनशे तासांचं लायसन्स घेऊन बाहेर पडलेल्याला कुठली खुर्ची मिळेल ती घेणं भाग असतं. त्याला ती चेन्नईतल्या मालवाहू विमानात मिळाली, पुढे कमांडर झाला आणि प्रवासी कंपनीत जायचं त्याने ठरवलं, तर राजीनामा दिल्यावरही वर्षभर तो रात्रीच्याच फेऱ्या करतो. नंतर ए-३२०चं रेटिंग, सिम्युलेटर, लाइन ट्रेनिंग. तोवर भरती चालू असेल का, हे त्याला राजीनामा देतानाच ओळखावं लागतं.